ध्यानाला बसलं की मन पळते, चार दिवसात सगळं बंद पडते: काय तपासायचं अन् कुठं थांबायचं

माझं काम मोटर वाइंडिंगचं. तालुक्याच्या रोडवर दुकान आहे, सगळा कापूस-सोयाबीनचा पट्टा, त्यामुळे सबमर्सिबल (बोअरमधली मोटर) अन् स्टार्टर यातच दिवस जाते. पण गेल्या अकरा वर्षांपासून पहाटे साडेपाचला आम्ही पाचसात जण मारुतीच्या पारावर थोडा वेळ गप्प बसतो, अन् त्यामुळे लोकांना वाटते की मला ध्यानातलं काही समजते. मी काही गुरु नाही, दीक्षा-बिक्षा घेतली नाही. फक्त एकच बिघाड मी इतक्यांदा पाहिला, आधी स्वतःचा अन् मग दुसऱ्यांचा, की आता पहिल्या वाक्यातच अंदाज येतो. ते वाक्य असं असते, "भाऊ, माह्यं ध्यान काही लागून नाही राह्यलं, चार दिवस बसलो अन् सोडून देलं."

मोटर पाणी देऊन नाही राह्यली म्हणून फोन आला की दुकानातला नवा पोरगा थेट चेनकप्पी घेऊन निघते. चार माणसं लावायची, दोनशे फूट पाइप वर काढायचा, अख्खा दिवस मोडायचा, अन् मग समजायचं की मोटर ठणठणीत आहे, वर खांबावरच एक फेज नव्हती. म्हणून माझा नियम आहे, आधी खांब, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल, अन् बोअरला हात सगळ्यात शेवटी. इथंही तोच क्रम लावा. "माह्या मनातच काही खराबी हाय" हे बोअरमधली मोटर काढण्यासारखं आहे, तिथपर्यंत जायची पाळी फार कमी वेळा येते.

लक्षणं, यातलं तुमचं कोणतं ते आधी पाहा

डोळे मिटले की दोन मिनिटात सोसायटीचं कर्ज, पोराची फी अन् परवा साळा काय बोलला ते सगळं एकदम अंगावर येते.

पायाला मुंग्या, कमरेत कळ, अन् लक्ष तिथंच.

बसलं की डुलकी लागते, मान पडते.

उठल्यावर चिडचिड जास्त. घरचे म्हणतात, "हे ध्यान करून आले की उलटे जास्तच खेकसतात."

आठवडाभर नीट चालते, मग एक नागा होते अन् मग महिनाभर बंद.

"सर्व काही छान होणार" असं शंभरदा म्हणूनही आतून खोटं वाटते, कधी कधी तर रडू येते.

बसलं की छातीत धडधड, गुदमरल्यासारखं, किंवा आपण आपल्यात नाहीच असं वाटते. हे शेवटचं लक्षण असेल तर मधलं काहीच वाचू नका, खाली "इथं थांबा" लिहिलंय तिथं जा.

पहिले बूड अन् गुडघे पाहा

याला पैसे लागत नाही म्हणून पहिले हे. टीव्हीवर पाहून लोक पद्मासन घालतात. दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या, डवऱ्यामागं चालणाऱ्या माणसाचे गुडघे ते, दहा मिनिटात पाय बधिर होणारच. मला एका काकांनी सांगितलं होतं की मुंग्या येतात म्हणजे शक्ती जागी होते, मी वर्षभर त्या शक्तीची वाट पाहिली. नस दबते म्हणून मुंग्या येतात, बस. अन् कळ येत असताना मन पायाकडंच जाणार, ते त्याचं कामच आहे, त्यात मनाचा काय दोष.

युरियाची दोन रिकामी पोती धुऊन घ्या, चौघडी करा अन् फक्त बुडाखाली ठेवा, पायाखाली नाही. बूड गुडघ्यापेक्षा वर आलं की पाठ आपोआप सरळ होते, ताठ बसायची कसरत करावी लागत नाही. तेही जमत नसेल तर खुर्ची, पाय जमिनीला टेकवून. आमच्यातल्या एक वहिनी ओट्यावर पाय खाली सोडून बसतात, गुडघ्याचं पाणी काढलंय त्यांचं, अन् आमच्यात सगळ्यात कमी नागा त्यांच्याच. भिंतीला पाठ टेकली तर चालते, डोकं नका टेकवू, डोकं टेकलं की घोरणं सुरू.

मग घड्याळ अन् मोबाइल

मोबाइलवर ध्यानाचं ॲप लावायला जाता, तिथं रात्रीचे सत्तावीस मेसेज पडलेले, त्यात एक भावकीच्या ग्रुपवरचा, बांधावरून झालेल्या भांडणाचा. झालं ध्यान. मी कोणाच्याच मोबाइलच्या विरोधात नाही, माझा धंदाच त्याच्यावर चालते, पण उठल्यापासून बसून होईपर्यंत तो दुसऱ्या खोलीत ठेवा. आठ दिवस एवढंच करून पाहा, बाकी काही बदलू नका, म्हणजे फरक कशानं पडला ते समजते. एकाच वेळी चार पार्ट बदलले तर फॉल्ट कोणता होता ते मेकॅनिकलाही सांगता येत नाही.

वेळ मोजायला मोबाइलच पाहिजे असं नाही. मी अगरबत्ती वापरतो. एकदा घड्याळ लावून पाहिलं की माझ्या पुड्यातली किती बोटं पाच मिनिटात जळते, त्याच्या मापानं काडीला चुन्याचा ठिपका देतो, तिथवर राख आली की उठायचं. प्रत्येक पुड्याचं वेगळं असते, आपलं आपण मोजून घ्या. अन् हो, पाच मिनिटंच. पहिल्या महिन्यात वीस मिनिटं करायला जाऊ नका. वीस मिनिटांचा बेत केलेला माणूस घाईच्या दिवशी "आज वेळ नाही" म्हणते, पाच मिनिटं मात्र बैलाला वैरण टाकल्यावर अन् दूध काढायच्या आधीही सापडतात.

चहा, खर्रा

खर्रा म्हणजे आमच्याकडं घोटून खातात ती तंबाखू-सुपारी. इथं लोक नाराज होतात, पण आमच्या भागात बरेच फॉल्ट इथंच सापडतात म्हणून सांगतो.

पहाटे उठून बसलं की जीव वळवळते, बोटं चुळबुळ करतात, उगाच राग येते, अन् माणूस म्हणते ध्यानानं माझी बेचैनी वाढली. मी विचारतो, शेवटचा खर्रा कधी घोटला होता? "रात्री नऊला." म्हणजे रात्रभरात रक्तातलं निकोटिन उतरलं, शरीर सकाळी मागून राह्यलं, अन् तुम्ही त्याच्यासमोर डोळे मिटून बसले. ती तलब आहे. ध्यानानं ती आणली नाही, फक्त दाखवली. उलटंही होते, खर्रा तोंडात धरूनच बसणारे महाभाग मी पाहिले आहेत, तंबाखूनं ठोके वाढतात अन् मग ते म्हणतात शांत का वाटत नाही.

मी स्वतः सतरा वर्षं खाल्ला. एकदम सुटला नाही. मी फक्त एवढं केलं की सकाळचा पहिला खर्रा बसून झाल्यावर, मग चहानंतर, मग दुकान उघडल्यावर, असा दर आठवड्याला थोडा पुढं ढकलला. दोन वर्षं लागली. ज्याला मदत पाहिजे त्यानं १८००११२३५६ या तंबाखू सोडण्याच्या सरकारी नंबरवर फोन करावा, पैसे लागत नाही. चहाचं तेवढं कडक नाही, सकाळचा कप बसल्यानंतर घ्या अन् संध्याकाळी सहानंतरचा बंद करून पाहा, कारण चहाकॉफीतलं कॅफिन पाचसहा तासांनंतरही अर्धंअधिक अंगात राहू शकते अन् मग रात्री अकराला आढ्याकडं पाहत बसावं लागते.

करता काय नेमकं?

आता पद्धत. "मन कोरं करायचं" असं कोणीतरी डोक्यात भरवलेलं असते. माझी पुतणी अमरावतीला मानसशास्त्रात एमए करते, तिनं मला सांगितलं की २०१० मधे हार्वर्डच्या दोन संशोधकांनी सव्वादोन हजार लोकांना मोबाइलवर अधूनमधून विचारलं की आत्ता तुमचं लक्ष हातातल्या कामावर आहे का दुसरीकडं, तर जवळपास ४७ टक्के वेळा लक्ष दुसरीकडंच होतं. म्हणजे जागेपणी निम्मा वेळ मन पळतेच, तुमचंही पळते अन् पारावरच्या आमचंही. मन पळालं म्हणजे ध्यान मोडलं असं नाही, पळालं हे लक्षात येऊन परत श्वासाकडं आलात तेवढंच ध्यान. बैलजोडी वळवल्यासारखं आहे, नांगराच्या तासाच्या टोकाला दरवेळी वळवावंच लागते, त्यासाठी कोणी बैलाला विकत नाही.

मी सगळ्यांना एकच देतो. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, नाकानं, जोर न लावता. मधे रोखून धरायचा नाही. असे दहा श्वास झाले की मोजणं सोडून द्यायचं अन् नाकाशी येणारा-जाणारा वारा फक्त पाहायचा. बाहेर टाकणं लांब का, तर श्वास आत घेताना ठोके थोडे भरभर पडतात अन् सोडताना थोडे हळू. खोटं वाटत असेल तर मनगटावर दोन बोटं ठेवून आत्ता करून पाहा, बहुतेकांना फरक बोटाला समजते. म्हणून सोडणं लांबवलं की अंगालाच ढिलं पडायचा इशारा मिळते, त्यात श्रद्धेचा प्रश्न येत नाही. दम्यावाल्यांनी लांबवण्याची जबरदस्ती करू नये, येते तसा श्वास पाहावा.

आमच्या गावात बौद्ध वस्तीतले दोघं विपश्यनेला जाऊन आले, ते याला आनापान म्हणतात. दहा दिवसांच्या कोर्समधे पहिले तीन दिवस हेच करून घेतात, पहाटे चारला उठवून, फक्त श्वास पाहा. तिथं दिवसदिवस बसून तीन दिवस यालाच देतात अन् आपण सोमवारी पाच मिनिटं बसून बुधवारी विचारतो की काहून फरक पडून नाही राह्यला. ज्यांना नाम घ्यायची सवय आहे त्यांनी श्वासाऐवजी नाम घ्यावं, काही बिघडत नाही, फक्त एक महिना एकच धरा. युट्युबवर रोज नवीन महाराज बदलणाऱ्याचं काहीच लागत नाही.

पॉझिटिव्ह विचार, म्हणजे फ्यूजमधली जाड तार

यावर जरा जास्त लिहितो कारण यात मी स्वतः पोळलो आहे.

शेतकरी लोक काय करतात, फ्यूज वारंवार उडते म्हणून त्यात जाड तांब्याची तार भरतात. फ्यूज उडणं बंद होते, माणूस खुश. मग एक दिवस लोड वाढते, उडायला काही उरलेलंच नसते, अन् थेट मोटर जळते. मग माझ्याकडं येते, काळी झालेली वाइंडिंग, जळक्या वार्निशचा वास, अन् म्हणतात अचानक जळली. अचानक नाही जळली. फ्यूज उडत होता तेव्हा तो काहीतरी सांगत होता.

२०२३ ला आमच्या भागात सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग आला. माझं तीन एकर पिवळं पडलं, अन् गिऱ्हाइकांचंही पडलं म्हणजे माझी उधारीही बुडाली. त्या वेळी मी रोज सकाळी ध्यानानंतर म्हणत होतो, "सगळं चांगलं आहे, मी आनंदी आहे, पैसा माझ्याकडं येऊन राह्यला." वहीत लिहीत होतो, एकवीस वेळा. पंधरा दिवसांनी अशी हालत की वही दिसली तरी छातीवर दगड. बायको म्हणाली, "अवो, खोटं कायले लिहिता, देवालेही दिसते पीक पिवळं हाय ते." मी तिच्यावर चिडलो. बरोबर तीच होती.

नंतर पुतणीकडून समजलं की हे तपासलेलं आहे. २००९ मधे कॅनडातल्या संशोधकांनी लोकांना "मी प्रेम करण्यासारखा माणूस आहे" असं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, ज्यांना आधीच स्वतःबद्दल कमी वाटत होतं त्यांना ते म्हणून उलट जास्तच वाईट वाटलं. कारण तोंड एक बोलते अन् आतला माणूस लगेच "खोटं" म्हणून हिशोब मांडते.

मग करायचं काय? मी आता दोन गोष्टी करतो. सकाळी नाही, संध्याकाळी, कारण सकाळी आधीच वेळ नाही.

एक, वहीच्या पानाच्या मधोमध रेघ. डावीकडं जे माझ्या हातात नाही, पाऊस, भाव, उधारीवाल्याची नियत. उजवीकडं उद्या मी स्वतः करू शकतो असं एकच काम, अन् ते काम असं पाहिजे की करून झालं की नाही ते सांगता यावं. "टेन्शन घेणार नाही" हे काम नाही. "उद्या अकराला सोसायटीत जाऊन सचिवाला कर्जाच्या पुनर्गठनाचं विचारणार" हे काम आहे. त्या वर्षी माझं उजवीकडचं पहिलं वाक्य होतं, पीकविम्याच्या नुकसानीची तक्रार मुदतीत टाकावी लागत होती, ती आजच टाकणे. सांगायला लाज वाटते, एकवीस वेळा "पैसा येऊन राह्यला" लिहिण्याच्या नादात तेच राहून गेलं होतं, मुदत कधीच निघून गेली होती.

दोन, आज जे खरंच बरं झालं ते तीन ओळीत. खरंच झालेलं पाहिजे, मोठं नसलं तरी चालते. माझ्या वहीतलं एक पान तसंच उतरवतो: "आज लाइन दिवसा होती. पोरीनं दुकानात बसून बिलं लिहिली. ज्वारीची भाकर अन् आंबाडीची भाजी होती." हे खोटं ठरवता येत नाही, म्हणून आतला माणूस गप्प बसते. माझ्या हिशोबानं पॉझिटिव्ह विचार तो एवढाच, बाकी जाड तार.

नागा पडते, त्याचं काय

व्हॉट्सॲपवर एक फिरते की एकवीस दिवस केलं की सवय लागते. मग बाविसाव्या दिवशीही उठायचा कंटाळा आला की माणसाला वाटते आपल्यातच खोट आहे. लंडनच्या एका विद्यापीठात ९६ लोकांवर पाहिलं होतं, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ निघाले. अन् त्यातली कामाची गोष्ट ही, की एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही. म्हणजे एक नागा फॉल्ट नाही. नागा पडली म्हणून उरलेला महिना सोडून देणं, तो फॉल्ट.

आपल्याकडं हंगाम पाहूनच ठरवावं लागते. सोयाबीन सोंगणीला अन् कापूस वेचणीला पहाटे पाचला घरात गडबड असते, तिथं पारावर बसायचा हट्ट केला तर बाई भांडणारच अन् तिचं बरोबर असते. त्या महिन्यात मी दहा श्वासांवर येतो, धुऱ्यावर गाडी लावून, शेतात शिरायच्या आधी. हंगाम सरला की परत पारावर.

एकट्याला जमत नसेल तर दुसरा माणूस शोधा. गुरुदेव सेवा मंडळवाल्या गावात पहाटेचं सामुदायिक ध्यान अन् संध्याकाळची प्रार्थना असते, तिथं जाऊन नुसतं मागं बसलं तरी चालते, कोणी काही विचारत नाही. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन होते तेव्हा एकदा उभं राहून पाहा, एवढी गर्दी अन् एकदम चिडीचूप, पोरंसुद्धा रडत नाहीत असं वाटते. घरी एकट्यानं ज्या मनाला दोन मिनिटं थांबवता आलं नाही ते तिथं सगळ्यांच्या सोबत थांबते. आमच्या पारावरही तेच आहे, मी आलो नाही तर आबाजी सातला दुकानात येऊन विचारतात, "काहून गा, आज झोपला होता का?" त्या एका वाक्याच्या भीतीनं मी किती दिवस उठलो ते मोजलं नाही.

झोप

वरचं सगळं ठीक असून बसलं की डुलकी येत असेल तर सरळ आहे, झोप कमी आहे. हे मी पुढं ढकललं कारण तपासायला सोपं पण दुरुस्त करायला अवघड, आपल्या हातात कमी.

रब्बीत शेतीची थ्री फेज लाइन रात्रीची आली की माणूस रात्रभर हरभऱ्याला, गव्हाला पाणी देते, अन् पाणी नसलं तर रानडुकरांसाठी जागल. अशा माणसाला पहाटे साडेपाचला ध्यानाला उठवणं पाप आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात ध्यान बंद, झोप आधी. दुपारी जेवल्यावर अंधार करून झोपा अन् ध्यान संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी. वैशाखात पारा ४५ च्या वर असते तेव्हा घरात झोप लागतच नाही, अंगणात बाज टाका, पहाटे गार झाल्यावर लागलेली झोप मोडू नका.

मात्र वेळ आहे, अंधार आहे, अंग थकलंय अन् तरी झोप येत नाही, किंवा रोज तीनलाच डोळा उघडते अन् मग छताकडं पाहणं, हे दोन आठवडे चाललं तर ही ध्यानाची तक्रार राहिली नाही. पुढं वाचा.

रक्त अन् फवारणी

सदा थकवा, कशात मन नाही, हातपाय जड, बसलं की डोळे मिटतात. बायांमधे तर हे फार, अन् घरचे म्हणतात आळशी आहे. आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. थायरॉइड, साखर अन् बी-१२ डॉक्टरला विचारून, माळकरी घरात बी-१२ कमी निघणं नवीन नाही, त्यात मुंग्याही येतात अन् मनही खचते. सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार आपल्या विदर्भात आहे, घरात कोणाला असेल तर ती तपासणी आधी. थायरॉइड वाढलेला असेल तर बसल्या बसल्या छाती धडधडते, त्याला कितीही श्वास मोजा, उतरत नाही.

अन् फवारणीचा हंगाम असेल तर हे डोक्यात ठेवा. फवारून आल्यावर खूप घाम, तोंडाला लाळ, मळमळ, डोकं दुखणं, अंधुक दिसणं, हात थरथरणं, छाती आवळल्यासारखी अन् जीव घाबरा. माणूस म्हणते टेन्शन आलं, जरा पडतो. पडायचं नाही. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद सोबत घ्या अन् तसेच दवाखान्यात जा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं बसली ते आपण पाहिलं आहे.

इथं थांबा, इथून पुढं माणूस डॉक्टरच पाहिजे

दोन आठवडे रोजच्या रोज उदास, कशातच रस नाही, जेवण तुटलं, झोप तुटली. ध्यानाला बसलं की धडधड, गुदमरणं किंवा जुनं काही भयानक डोळ्यासमोर येणं, आपण आपल्या अंगातच नाही असं वाटणं. कोणी नसताना आवाज ऐकू येणं. झोप न होताही अंगात भयंकर जोर, पैसे उधळणं, मोठमोठ्या बाता. दारू रोजची झाली. किंवा "माझ्याशिवाय घरचे सुखी राहतील", "जगून काय करायचं" असे विचार.

यातलं एकही असेल तर डोळे मिटून बसणं बंद करा. वाढवू तर मुळीच नका. जास्त ध्यानानं यातलं काही काही बिघडू शकते, म्हणूनच दहा दिवसांच्या शिबिराच्या फॉर्मवर मानसिक आजाराचं विचारलेलं असते, तिथं खरं लिहा.

हे मी इतकं ठासून का सांगतो, तर शेजारच्या गावचा एक पोरगा माझ्याकडं आला होता, म्हणाला तीन आठवडे झाले झोप नाही, जेवण जात नाही, मन लागत नाही. मी त्याला म्हणालो, पाच मिनिटाचं दहा मिनिट कर. एवढंच म्हणालो अन् स्टार्टर खोलायला लागलो. त्याच्या मायनं ओळखलं, तिनं आशाताईला, म्हणजे गावच्या आरोग्य सेविकेला, गाठलं अन् दोघींनी त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू सावरला, आता कधी कधी पारावरही येतो. मी बोअरमधली मोटर जळून राह्यली असताना वर बसून फ्यूज पुसत होतो.

मनाच्या त्रासासाठी सरकारी फोन सेवा आहे, टेलिमानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीही लागते, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात अन् सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचाराची ओपीडी असते, वार आधी आशाताईकडून विचारून घ्या म्हणजे खेप वाया जात नाही. एकट्याला पाठवू नका, सोबत घरचं एक माणूस जावं. झोप किती दिवसांपासून नाही, जेवण किती, खर्रा-दारू किती, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या, हे कागदावर लिहून न्या, तिथं गेल्यावर आठवत नाही. बाहेरचं काही आहे म्हणून आधी मांत्रिकाकडं नेऊन महिना घालवू नका. अन् जगण्याबद्दलचे असे विचार कोणी बोलून दाखवले असतील तर त्याला उपदेश करत बसू नका, एकटं सोडू नका, घरातले फवारणीचे सगळे डबे त्याच दिवशी उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा, गोठ्यातल्या फळीवरचाही.